‘शुद्धीवर आहेत’ एवढ्याने भागत नाही

मराठी मृत्युपत्राच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य ठरलेले असते : ‘मी माझ्या पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे.’ शेवटच्या पानावर डॉक्टरांचा शिक्का : ‘तपासले. शुद्धीवर आहेत. स्थळ, काळ, व्यक्ती यांचे भान आहे. मृत्युपत्र करण्यास सक्षम.’ पहिले वाक्य वकिलाच्या संगणकातून आलेले असते, दुसरे डॉक्टरांच्या सवयीतून. ज्या माणसाच्या मनाबद्दल ही वाक्ये आहेत, त्याचा स्वतःचा एकही शब्द दोन्हींत नसतो.

हे दुखणे बाहेर पडते उशिरा. मृत्युपत्र आज होते, उघडते दहा-पंधरा वर्षांनी, आणि भांडण लागले तर डॉक्टर साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहतात त्याहून काही वर्षांनी. उलटतपासणीतले प्रश्न साधे असतात. किती वेळ बोललात? खोलीत आणखी कोण होते? काय विचारलेत, उत्तर काय आले? कानातले यंत्र घातले होते का? आदल्या रात्री झोपेची गोळी दिली होती का? यांतल्या कशाचीच नोंद नसते. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत दाखल रुग्णांचे कागद ३ वर्षे जपायला सांगितले आहे. दिलेल्या दाखल्यांची वेगळी नोंदवही ठेवावी, त्यात ओळखीच्या खुणा टिपाव्यात, दाखल्याची प्रत ठेवावी, असेही त्यात आहे. ही नोंदवही किती दवाखान्यांत सापडेल हा भाग वेगळा, पण ३ वर्षांची मुदत मृत्युपत्राच्या आयुष्यापुढे काहीच नाही. शेवटी ‘मला तेव्हा ते ठीक वाटले’ एवढेच उरते, आणि समोरच्या वकिलाला तेवढेच हवे असते.

कायदा मात्र या दाखल्यापेक्षा पुष्कळ शहाणा आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ चे कलम ५९ म्हणते की सज्ञान आणि मन ठिकाणावर असलेली कोणीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. त्याखालची स्पष्टीकरणे कोणी वाचत नाही, आणि खरा अर्थ तिथेच आहे. एरवी मनोरुग्ण असलेला माणूस मन ताळ्यावर असलेल्या काळात मृत्युपत्र करू शकतो. उलट, एरवी शहाण्यासुरत्या माणसाला आजारामुळे, नशेमुळे किंवा आणखी कशामुळे आपण काय करतो आहोत हेच कळत नसेल, तर त्या अवस्थेत तो ते करू शकत नाही. बहिरा, मुका, आंधळा असणे ही अडचण नाही, कृती कळली की झाले. म्हणजे कायदा आजाराचे नाव विचारत नाही. त्या घटकेला, त्या कागदाबद्दल काय कळत होते, तेवढेच तो विचारतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने हेच आणखी स्पष्ट केले. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून त्या व्यक्तीचे मन बिघडलेले आहे असे धरता येत नाही; तसे सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते.

‘काय कळायला हवे’ याची व्याख्या आपल्या न्यायालयांनीही घेतली ती १८७० च्या इंग्लंडमधल्या बँक्स विरुद्ध गुडफेलो या निकालातून. जॉन बँक्सला भुते आपला पाठलाग करतात असे वाटे. एक मेलेला माणूस आपल्याला छळतो अशी त्याची खात्री होती. तरीही भाचीला मालमत्ता देणारे त्याचे मृत्युपत्र टिकले, कारण त्या भ्रमांचा मालमत्तेच्या वाटणीशी काही संबंध नव्हता. त्या निकालाने पाहायला सांगितलेल्या गोष्टी अशा : मृत्युपत्र म्हणजे काय आणि त्याने काय होते हे कळते का, आपल्याकडे ढोबळमानाने काय आहे ते माहीत आहे का, कोणाकोणाचा आपल्यावर हक्क पोचतो याचे भान आहे का, आणि एखाद्या मनोविकाराने आपल्याच माणसांबद्दलचे मन कलुषित झाले आहे का. आपल्याकडे १९५८ साली व्यंकटचला अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली ती पुराव्याच्या ओझ्याची. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ते पुढे करणाऱ्याने तो संशय दूर करून न्यायालयाच्या विवेकाचे समाधान केले पाहिजे.

आता हे चार मुद्दे प्रत्यक्षात कसे विचारायचे, ते पाहू.

मृत्युपत्र म्हणजे काय, हा प्रश्न पुस्तकी वाटतो, पण सर्वात जास्त माणसे इथेच अडखळतात. ‘आज सही केली तर उद्या हे घर कोणाचे?’ असे विचारावे. ‘माझेच, मी असेपर्यंत’ हे उत्तर आले तर पाया पक्का आहे. ‘मुलाचे’ असे आले, तर समोरचा माणूस मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांत गल्लत करतो आहे, किंवा त्याला कोणीतरी तसे सांगितले आहे. त्यापाठोपाठ ‘पुढे विचार बदलला तर?’ हा प्रश्न. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्र एकदा नोंदले की सहसा मागे घेता येत नाही. जवळच्या नात्यात राहते घर बक्षीस देण्यावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र असल्याने ‘कशाला मृत्युपत्र, आत्ताच नावावर करून टाका’ हा आग्रह घराघरांत होतो. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातले कलम २३ असे हस्तांतर रद्द करायची वाट ठेवते खरे, पण सांभाळ करण्याच्या अटीवर ते दिले होते हे दिसावे लागते. म्हणून बक्षीसपत्रावर सही करणाऱ्याची समज मृत्युपत्रापेक्षा जास्त काटेकोरपणे तपासली पाहिजे. घडते नेमके उलटे. मृत्युपत्राला डॉक्टर बोलावतात आणि बक्षीसपत्राला रिक्षा.

मालमत्तेच्या प्रश्नात गट क्रमांक किंवा ठेवींच्या पावत्यांचे आकडे पाठ असायची गरज नाही. नवऱ्याने आणि मग मुलाने व्यवहार सांभाळला अशा बाईला आपल्या नावावर किती एकर आहे हे कधी सांगितलेच गेले नसेल, तर ते तिचे अज्ञान झाले, अक्षमता नव्हे. माहिती द्यावी, सातबारा वाचून दाखवावा आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. किंमत चुकली तरी सहसा बिघडत नाही. बिघडते कधी? समजा आजोबा म्हणतात, ‘दोघांना सारखेच दिले : धाकट्याला फ्लॅट, थोरल्याला चाळीस लाखांच्या ठेवी.’ फ्लॅटची किंमत त्यांच्या डोक्यात पंधरा वर्षांपूर्वीचीच चाळीस लाख असेल आणि आज ती दीड कोटी असेल, तर त्यांचा स्वतःचा हेतूच त्या कागदात उतरलेला नाही. अशा वेळी आजचा भाव सांगून ‘आता काय वाटते?’ विचारावे. ‘असू दे, धाकट्याने सांभाळलेय’ असे ते म्हणाले तर ते वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवावे. सगळ्या दाखल्यांहून ते एक वाक्य मोलाचे ठरते.

कोणाला वगळले आणि का, हा प्रश्न संकोचाने टाळला जातो. टाळू नये. कारण चांगले असायला हवे असे नाही. माणसाला अन्यायी मृत्युपत्र करायचाही हक्क आहे. कारण खरे आहे का, हे मात्र पाहायला हवे. अल्झायमरमध्ये चोरीचा भ्रम वारंवार दिसतो. ‘सुनेने माझ्या पाटल्या लांबवल्या’ असे आजी रोज म्हणतात, पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये असतात, आणि त्याच रागातून त्या मुलाला वगळतात. इथे त्यांना तारीख, वार, पंतप्रधान सगळे बरोबर सांगता आले तरी मृत्युपत्र करण्याची क्षमता उरलेली नाही. त्याच आजींनी तोच भ्रम असताना दोन्ही मुलांना समान वाटा दिला, तर तो कागद बहुधा टिकेल. तीच बाई, तोच आजार, तोच दिवस, आणि दोन कागदांना दोन उत्तरे. म्हणून ‘सक्षम’ हा शब्द कशासाठी सक्षम हे सांगितल्याशिवाय अर्धवट राहतो.

मग डॉक्टर घेतात त्या ३० गुणांच्या चाचणीचे काय? स्मृती आणि भान तपासणारी एमएमएसई नावाची ही चाचणी आजाराचा माग काढायला उपयोगी आहे, पण तिच्या गुणांवर मृत्युपत्र तोलणे चूक आहे. तिच्यात १०० मधून सात-सात वजा करायचे असतात, वाक्य लिहायचे असते, एकमेकांत अडकलेले पंचकोन काढायचे असतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या शेतकरणीचे गुण तिथे आजाराविनाच जातात. याच अडचणीमुळे हरियाणात बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी तिची वेगळी हिंदी आवृत्ती तयार करावी लागली. तारीख विचारल्यावर ‘परवा एकादशी झाली, उद्या बाजार’ असे उत्तर आले, तर त्या बाईला काळाचे भान आहे. कागदावर मात्र शून्य पडते. उलट बाजूही आहे. मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश असलेला निवृत्त अधिकारी २८ गुण मिळवतो आणि महिन्याभरात ओळखपाळख नसलेल्या माणसाला लाखो रुपये देऊन टाकतो. त्याची आठवण शाबूत आहे, तारतम्य गेले आहे. आणि डाव्या मेंदूला झटका येऊन वाचा गेलेल्या माणसाचे काय? चाचणी देताच येत नाही म्हणून त्याला थेट अक्षम ठरवले जाते. प्रत्यक्षात घराचा फोटो, मुलांचे फोटो, हो-नाहीच्या खुणा आणि उलटसुलट करून विचारलेले प्रश्न एवढ्यावर त्याचा निर्णय पुष्कळदा नीट कळू शकतो.

वेळेचे भानही तपासणाऱ्याला हवे. घरात ज्याला ‘वात झालाय’ म्हणतात, ती अवस्था वृद्धांत लघवीच्या जंतुसंसर्गाने, रक्तातले सोडियम उतरल्याने, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा झोपेच्या औषधांनी येते. ती तासातासाला बदलते, संध्याकाळी बळावते आणि पुष्कळदा दिवसांत वा आठवड्यांत ओसरते. रुग्णालयाच्या खाटेवर घाईने घेतलेल्या सह्या हा वादाचा सर्वात हमखास उगम आहे. थांबता येत असेल तर थांबावे. ब-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही बुद्धी मंदावल्यासारखी वाटते आणि उपचाराने सुधारते. थांबायला वेळच नसेल, तर सकाळी, चष्मा आणि कानातले यंत्र लावून, सुधारलेल्या घटकेत, सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहून तपासणी करावी.

सर्वात जास्त चुका होतात त्या बोलण्याच्या पद्धतीत. ‘आजी, घर राजूला द्यायचंय ना?’ या प्रश्नाला येणाऱ्या ‘हो’ला काही किंमत नाही. स्मृतिभ्रंशात शिष्टाचार, हसणे, मान डोलावणे पुष्कळदा बराच काळ टिकते. ‘हो हो, बरोबर’ म्हणत माणूस अर्धा तास सहज काढतो. प्रश्न असा हवा की त्याला एका शब्दात सुटता येणार नाही : ‘घराचं काय करायचं ठरवलंय?’ लाभ मिळणारा खोलीत नसावा, दाराआडही नसावा. बोलणे त्या माणसाच्या बोलीत व्हावे; अहिराणी किंवा मालवणी दुभाष्या लागला तर तो लाभार्थी नसावा. आणि तेच प्रश्न निदान एकदा वेगळ्या दिवशी विचारावेत, कारण आठवण कच्ची असली तरी ठाम इच्छा दोन्ही दिवशी सारखीच येते.

दडपण ही क्षमतेपेक्षा वेगळी गोष्ट आहे. वारसा कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे फसवणूक, जबरदस्ती किंवा माणसाची स्वतंत्र इच्छाच हिरावून घेणारा तगादा यांतून झालेले मृत्युपत्र रद्द ठरते. पूर्ण शुद्धीतला माणूसही जेवणासाठी, औषधासाठी, फोनसाठी ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्या तगाद्यापुढे वाकतो. वकील कोणी ठरवला, फी कोणी दिली, माणसाला दवाखान्यात कोणी आणले, जुने मृत्युपत्र होते का आणि ते का बदलले, हे चार-पाच मुद्दे डॉक्टरांनी टिपले, तर पुढचे निम्मे संशय तिथेच मिटतात किंवा तिथेच पक्के होतात. दोन्ही उपयोगाचेच.

‘पण आम्ही नोंदणी केली आहे’ हे उत्तर नेहमीचे. दुय्यम निबंधक ओळख पाहतो, सही आपलीच असल्याची कबुली घेतो. समोरचा माणूस उघडच वेडसर दिसला तर त्याला नोंदणी नाकारावीच लागते. दोन मिनिटांत हसून मान डोलावणाऱ्या आजोबांच्या मनात काय आहे, हे त्याला कळण्याचे साधन नाही. नोंदणी जरूर करावी. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, आजारपणात अधिकारी घरी येऊ शकतो, आणि कागद हरवल्याची भीती राहत नाही. पण नोंदणीने मन सिद्ध होत नाही. साक्षीदारांचेही तसेच : वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोघांनी सही होताना पाहावी किंवा कर्त्याकडून कबुली ऐकावी आणि त्याच्यासमोर स्वतः सही करावी, एवढे असले की विधी पुरा. डॉक्टर दाखला देतात म्हणून ते आपोआप साक्षीदार होत नाहीत. त्यांना साक्षीदार करायचे तर साक्षीदार म्हणून वेगळी सही हवी. गोव्यात परंपरा निराळी आहे : मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर होते, आणि ज्यांना वगळता येत नाही अशा वारसांसाठी निम्मा हिस्सा राखीव असल्याने लुबाडणुकीलाही तेवढाच लगाम बसतो.

इथे एक इशारा. एवढे सगळे म्हटल्यावर कोणी सुचवेल की सत्तरीनंतरच्या प्रत्येक मृत्युपत्राला मनोविकारतज्ज्ञाची तपासणी सक्तीची करा. ते वाईट होईल. वय हा संशय नाही. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसतो, आणि असा नियम झाला की ‘सक्षम’ शिक्क्याचा नवा भाव तेवढा ठरेल. माझी मागणी त्याहून लहान आहे : शंका घ्यायला जागा असेल तिथे दाखल्याऐवजी नोंद. दीड-दोन पाने, प्रश्न आणि उत्तरे त्या माणसाच्या शब्दांत, वेळ, हजर माणसे, चालू औषधे, डॉक्टरांचा निष्कर्ष आणि त्याचे कारण. मूळ प्रत मृत्युपत्राबरोबर सीलबंद राहावी. एमबीबीएस डॉक्टरही हे करू शकतो, शिकवले तर. चित्रफितीचा पर्याय अनेकांना भुरळ घालतो, पण पढवून घेतलेले वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणणारे आजोबा तिच्यात जितके केविलवाणे दिसतात तितके प्रत्यक्षातही नसतात. चित्रफीत करायचीच तर न कापता, प्रश्नांसकट करावी.

आतापर्यंतची गोष्ट क्षमता असलेल्यांची. ती गेल्यावर काय होते, हा आपल्या कायद्यातला खरा खड्डा आहे.

एम्स आणि परदेशी संशोधकांनी केलेल्या लासी-डॅड या अभ्यासाने भारतातल्या साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. यांतल्या अनेकांनी शहाणपणाने आधीच मुलीला किंवा पुतण्याला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, दिलेले असते. नेमकी गरज लागते तेव्हा ते मेलेले असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यार नेमणाऱ्याचे मन बिघडले की मुखत्यारी संपते. इंग्लंडने हा प्रश्न मानसिक क्षमता कायदा, २००५ ने सोडवला : क्षमता गेल्यावरही चालणारे मुखत्यारपत्र, पैशांसाठी एक आणि आरोग्य-देखभालीसाठी दुसरे, सार्वजनिक पालक कार्यालयाकडे नोंदल्याशिवाय निरुपयोगी. आपल्याकडे तसे काही नाही. भरीला करार कायद्याचेच कलम २०८ म्हणते की तिऱ्हाइताच्या बाबतीत मुखत्यारी संपते ती त्याला कळल्यावर. परिणाम असा की कोणालाच काही कळू न देणे सगळ्यांच्या सोयीचे ठरते. घरचे निदान कागदावर येऊ देत नाहीत, बँकेचा अधिकारी विचारत नाही, एटीएमचा पिन सून वापरते. कायदाच आजार लपवायला शिकवतो.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाला अशा माणसाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमता येत होता. २०१७ च्या कायद्याने तो कायदा गेला आणि त्याबरोबर हे प्रकरणही गेले. बदल्यात मालमत्तेसाठी काही आले नाही. नव्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांच्यासाठी; त्यात स्मृतिभ्रंश बसत नाही. १८९० चा पालक कायदा अल्पवयीन मुलांचा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ मधले ‘मर्यादित पालकत्व’ कल्पना म्हणून सर्वात चांगले : ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक मुदतीपुरते, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, ती व्यक्ती आणि पालक दोघांनी मिळून. पण कुटुंबे त्या दाराशी क्वचितच पोचतात. अनेकजण राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. वैद्यकीय मंडळाचा अहवाल, सर्व वारसांची प्रतिज्ञापत्रे, वकिलाचा खर्च. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आले, हे चांगलेच झाले. नंदुरबारच्या माणसाला मात्र छत्रपती संभाजीनगरच गाठावे लागते. मुंबई-पुण्यात याची धग जास्त जाणवते ती पुनर्विकासात. बिल्डरला पर्यायी घराच्या करारावर प्रत्येक सभासदाची सही हवी असते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना ते कुठे राहतात हेच आठवत नसते. मुलगा अमेरिकेत, सही अंगठ्याची, साक्षीदार बिल्डरचाच माणूस. बँकांना आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यायची सोय आहे, पण ती हात थरथरणाऱ्यासाठी आहे, मन हरवलेल्यासाठी नव्हे.

सुधारणा काय हवी? करार कायद्याच्या कलम २०१ ला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड : नोंदणीकृत आणि ‘क्षमता गेल्यावरही चालू राहील’ असे स्पष्ट लिहिलेले मुखत्यारपत्र मन बिघडल्याने संपणार नाही. ते करताना वर सांगितलेली प्रश्नोत्तरांची नोंद जोडलेली हवी. ते लागू व्हायला दोन डॉक्टरांचा अहवाल आणि मुखत्यार नसलेल्या एका वारसाला लेखी सूचना हवी. राहते घर विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी, वर्षाला हिशेब आणि मुखत्याराने स्वतःला काही बक्षीस देण्यावर बंदी. ‘याचा गैरवापर होईल’ हा आक्षेप खरा आहे; इंग्लंडमध्येही होतो. पण आज जो गैरवापर चालतो त्याचा हिशेब कोणीच मागू शकत नाही, कारण कागदोपत्री काही घडलेलेच नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला. त्याच्या अनुच्छेद १२ चा अर्थ लावणारे म्हणतात की कोणाच्या बदली निर्णय घेऊच नका, निर्णय घ्यायला आधार द्या. सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात हे अगदी खरे आहे. फोटो, सोपी वाक्ये, सकाळची वेळ, विश्वासाचा माणूस यांनी कितीतरी निर्णय त्या माणसाचेच राहतात. पण जो मुलांना ओळखत नाही, त्याच्या नावाने ‘आधार देऊन घेतलेला निर्णय’ दाखवणे म्हणजे बदली निर्णयच, फक्त जबाबदारी न घेता केलेला. तिथे बदली माणूस उघडपणे नेमावा आणि त्याला विचारावे : यांनी स्वतः काय केले असते? जाता जाता, बापासाठी ‘पाल्य’ आणि मुलासाठी ‘पालक’ हे शब्दही बदलायला हवेत.

तोवर निदान झाल्या-झाल्या, पहिल्या सहा महिन्यांत करायची कामे आहेत. खाते ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीचे संयुक्त करणे. मृत्युपत्र करून नोंदवणे, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे घरच्यांना सांगणे. २०१७ च्या कायद्याखालचा प्रतिनिधी साध्या कागदावरही नेमता येतो. मरणासन्न अवस्थेतल्या उपचारांविषयीची इच्छा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारित आदेशानुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर लिहिता येते. आणि एका कागदावर, कायद्याची भाषा सोडून, त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहावे : मला कुठे राहायचे आहे, घर कोणत्या परिस्थितीत विकलेले चालेल, देवघर कोणाकडे जावे, आणि कोणाच्या हाती माझा कारभार अजिबात नको.